मुलीला बॅलेच्या पूर्णवेळ शिक्षणासाठी परदेशी पाठवायचं आहे. वय १४, पुणे. सुरुवात कुठून करावी?

कोथरूडची_आई

नमस्कार मंडळी. मुलीला नुकतंच चौदावं पूर्ण झालं, नववीत आहे, राज्य मंडळाची शाळा. बॅले सातव्या वर्षापासून शिकते. आरएडीची (लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सची) इंटरमीजिएट परीक्षा झाली आहे, पॉइंटवर (टणक बूट घालून बोटांच्या टोकावर) दोन वर्षं. सध्या आठवड्याला पाच दिवस, दीड-दीड तास. तिच्या बाईंचं म्हणणं असं की त्यांच्याकडचं जे होतं ते देऊन झालं, आता बाहेर पाठवा. मुलगीही ठाम आहे.

आम्हा दोघांना नृत्यातलं काही कळत नाही, म्हणून थेट विचारते. आत्ता पाठवावं की दहावी करून? इंग्लंड, युरोप, अमेरिका यांत फरक काय? व्हिडिओवर प्रवेश देतात म्हणे, तो व्हिडिओ कसा करायचा? तिच्या शरीराला हे झेपेल का, ते कोणाकडून तपासून घ्यायचं? अभ्यासाचं काय? आणि घर गहाण न टाकता जमेल असं काही आहे का? कौतुक नको, कामाचं सांगा.

बार_ते_सेंटर

ताई, आधी वयाचं बोलू, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं.

या क्षेत्रात शिरायची दोन मोठी दारं आहेत. पहिलं दहा-अकराव्या वर्षी. सेंट पीटर्सबर्गच्या वागानोवा अकादमीचा अभ्यासक्रम आठ वर्षांचा, मुलं साधारण दहाव्या वर्षी घेतात. लंडनच्या रॉयल बॅले स्कूलचं रिचमंड पार्कमधलं व्हाइट लॉज अकरा ते सोळा वयासाठी आहे. दुसरं दार सोळाव्या वर्षी. रॉयलची कॉव्हेंट गार्डनमधली वरची शाळा, इंग्लिश नॅशनल बॅले स्कूल, श्टुटगार्टच्या जॉन क्रांको शाळेची शेवटची दोन व्यावसायिक वर्षं, ही सगळी त्या दारातली. चौदाव्या वर्षी मधूनही घेतात, पण तेव्हा जागा म्हणजे कोणी सोडून गेलं तर रिकामी झालेली. म्हणून माझं स्पष्ट मत: सोळावं वर्ष धरून चाला, मधली दोन वर्षं तयारीची. एखाद्या चांगल्या शाळेने आधीच बोलावलं तर तेव्हा विचार करू, पण आखणी सोळाची.

हे म्हटलं की लोक दोन नावं पुढे करतात. मुंबईचा अमिरुद्दीन शाह बॅलेशिक्षक येहुदा माओर यांच्याकडे शिकून रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. दिल्लीच्या कमल सिंगने सतराव्या वर्षी बॅले सुरू केलं आणि २०२० साली तो इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलमध्ये पोचला. दोघांचीही मेहनत अफाट आहे. पण दोघंही मुलगे आहेत, हे विसरून चालणार नाही. मुलग्यांची संख्या सगळीकडे कमी असते, त्यांची उडी आणि ताकद वाढीच्या शेवटी येते, त्यामुळे उशिरा आलेल्याला वाव मिळतो. मुलीला तो मिळत नाही. सोळाव्या वर्षी तिची स्पर्धा दहाव्या वर्षापासून रोज शिकलेल्या मुलींशी असते, आणि त्यांत जपान, कोरिया, ब्राझील इथून आलेल्या मुली फार तयारीच्या असतात.

आता तास. साडेसात तास ही आठवड्याची बेरीज छंद म्हणून चांगली, या वाटेसाठी अपुरी. पूर्णवेळ शाळेत या वयाची मुलगी पंधरा ते वीस तास करते. पण उद्यापासून दुप्पट करू नका. दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी भर घालत सहा-आठ महिन्यांत बारा-तेरा तासांवर आणा. त्यात एक कंटेम्पररीचा (आधुनिक नृत्याचा) वर्ग हवाच, कारण बहुतेक शाळा आता कंटेम्पररी सोलोही मागतात. शिवाय आठवड्याला दोनदा पोट, पाठ आणि कुल्ह्याच्या स्नायूंचे व्यायाम.

आरएडीच्या परीक्षांबद्दल गैरसमज असतो. हे प्रमाणपत्र आपल्याकडच्या गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांसारखं: शिस्तीत शिकलीय एवढं कळतं, पण मंचावर घ्यायचं की नाही हे कोणी त्यावरून ठरवत नाही. ऑडिशनला बघतात ते पाय, टर्नआउट (पाय कुल्ह्यापासून बाहेर वळवणं), शरीराची ठेवण, संगीताची समज आणि सांगितलेली दुरुस्ती ती किती पटकन उचलते.

म्हणून सगळ्यात आधी बाहेरच्या माणसाचं मत घ्या. तिच्या बाई तिला रोज बघतात. तिच्या वयाच्या शंभर मुलींच्या रांगेत ती कुठे उभी राहील हे त्यांना इथून दिसणार नाही. त्यासाठी उन्हाळी शिबिर उपयोगी. जुलै-ऑगस्टमध्ये दोन ते पाच आठवड्यांची असतात. दोन प्रकार ओळखा. फी भरली की प्रवेश, हा एक. निवड करून प्रवेश आणि तिथूनच वर्षभराच्या वर्गासाठी मुलं उचलणं, हा दुसरा. टोरंटोच्या कॅनडाज नॅशनल बॅले स्कूलमध्ये तर जुलैचं शिबिर हीच प्रवेशाची दुसरी फेरी असते. पैसे घालायचे तर दुसऱ्या प्रकारात घाला, आणि शेवटी लेखी अभिप्राय मागून घ्या.

पंधरा पूर्ण झाल्यावर प्री द लोझानचाही विचार करा. स्वित्झर्लंडमधली ही स्पर्धा १९७३ पासून चालते, वय पंधरा ते अठरा, आधी व्हिडिओवर निवड आणि प्रत्यक्ष स्पर्धा जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला. तिथे फक्त सोलो बघत नाहीत, वर्गात मूल कसं काम करतं यालाही गुण असतात. अंतिम फेरीत न पोचलेल्या मुलांनाही शाळांचे संचालक तिथेच बघून बोलावतात. एक अडचण लक्षात ठेवा: दहावीची बोर्डाची परीक्षा त्याला अगदी चिकटून येते.

व्हिडिओवर वेगळं लिहितो, ते मोठं आहे.

बार_ते_सेंटर

व्हिडिओ.

प्रत्येक शाळेची यादी थोडी वेगळी, ती शब्दशः पाळा. सर्वसाधारण मागणी अशी: बारवर (आधाराचा दांडा धरून) प्लिए (गुडघे वाकवणं), तांदू, रों द जांब, फोंदू, फ्रापे, आदाज, ग्रां बातमां; व्यायामांची ही फ्रेंच नावं बाईंना ठाऊक असतील. सेंटरमध्ये (आधाराविना) आदाज, दोन्ही बाजूंची पिरुएत (एका पायावरची गिरकी), छोट्या उड्या, मोठ्या उड्या. मग पॉइंटचे दोन-तीन प्रकार, एक क्लासिकल सोलो आणि एक कंटेम्पररी. एकूण लांबी त्यांनी सांगितली असेल तेवढीच. जास्त पाठवलं तर बघत नाहीत.

कॅमेरा आडवा, तिपाईवर, तिच्या कमरेच्या उंचीवर. डोळ्याच्या उंचीवरून घेतलं की पाय आखूड दिसतात, जमिनीवरून घेतलं की पायाची उंची खोटी दिसते, आणि बघणाऱ्याला दोन्ही कळतं. पूर्ण वेळ डोक्यापासून टाचेपर्यंत सगळं चौकटीत. झूम नको. एका व्यायामाच्या मध्ये कट नको, दोन व्यायामांच्या मध्ये चालेल. पाठीमागे खिडकी नको, नाहीतर मुलगी नुसती काळी सावली दिसते. एकरंगी लिओटार्ड, गुलाबी टाइट्स, स्कर्ट नाही, केस घट्ट अंबाड्यात, दागिने नाहीत, कानातलेसुद्धा नाहीत.

बार एका बाजूने पुरेसा असं त्यांनी म्हटलं असेल तर कमकुवत बाजू लपवण्याचा मोह होतो. तसं करू नका, ती सेंटरमध्ये उघडी पडतेच.

आपल्याकडून जाणारे व्हिडिओ कुठे कमी पडतात? सोलोच्या निवडीत. मुलगी चौदाची आणि सोलो ‘डॉन किहोते’मधल्या किट्रीचा नाहीतर ‘स्वान लेक’मधल्या काळ्या हंसाच्या बत्तीस फुएतेंचा (सलग गिरक्यांचा). त्यात तिसऱ्या-चौथ्या फेरीला पाय सरकतो, खांदे वर जातात, आणि बघणाऱ्याला दिसतं एवढंच की शिकवणाऱ्याने पायाआधी कळस बांधला. ‘जिझेल’मधला पेझंट सोलो किंवा ‘कॉपेलिया’मधला स्वानिल्डाचा सोलो स्वच्छ केलेला कितीतरी बरा. दुसरी चूक जबरदस्तीच्या टर्नआउटची. पाचव्या पोझिशनला (पावलं पुढेमागे चिकटवून उभं राहताना) ती एकशेऐंशी अंशात, पण प्लिएमध्ये गुडघे पावलांच्या आत झुकलेले. हे पहिल्या दहा सेकंदांत दिसतं आणि तिथेच व्हिडिओ बंद होतो. तिसरी चूक: पाय कानापर्यंत नेताना कुल्हा उचलणं. पाय नव्वदवर ठेवा, कुल्हा जागेवर ठेवा.

फोटोही मागतात. पहिली आराबेस्क (एक पाय मागे सरळ उचललेला), बाजूला उचललेला पाय, पाचवी पोझिशन समोरून, पॉइंटवर समोरून आणि बाजूने. फिल्टर लावू नका.

युरोपातली वर्षं सप्टेंबरला सुरू होतात. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारी, प्रत्यक्ष ऑडिशन हिवाळ्यात, निकाल वसंतात. म्हणजे व्हिडिओ दिवाळीच्या आसपास तयार हवा. सप्टेंबरमध्ये चित्रित करा, गणपतीनंतर लगेच, म्हणजे चुकलं तर पुन्हा करायला वेळ राहतो.

घोट्याचा_फिजिओ

शरीराचा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार बरं केलं, कारण तो सहसा दुखापत झाल्यावर विचारला जातो.

खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या फिजिओकडे जा. शक्यतो नर्तकांना बघितलेला हवा. खाली दिलेल्या चाचण्या त्याच्याकडून करून घ्या आणि आकडे लिहून ठेवा, दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचे आहेत.

एका पायावर गुडघा सरळ ठेवून टाच उचलणे: प्रत्येक पायावर वीस ते पंचवीस, पूर्ण उंचीपर्यंत, घोटा बाहेर न कलंडता. एअरप्लेन चाचणी: एका पायावर पुढे झुकून दुसरा पाय मागे सरळ, कंबर चौकोनी ठेवून पाच प्लिए, चार नीट जमले पाहिजेत. एका पायावर सलग सोळा उड्या: निदान आठ अशा हव्यात की पाऊल, गुडघा आणि कुल्हा एका रेषेत राहतात. पॉइंटवर दोन वर्षं झालेल्या मुलीला हे जमायलाच हवं. जमत नसेल तर तास वाढवायच्या आधी सहा आठवडे फक्त ताकदीवर काम.

टर्नआउट कुल्ह्यातून येतो, आणि कुल्ह्याची हाडं कशी घडली आहेत त्यावर त्याची मर्यादा ठरते. पालथं झोपवून कुल्ह्याचं बाहेरचं वळण अंशांत मोजता येतं. कुल्ह्यातून जेवढं मिळतं त्याहून जास्त पावलं वळवली तर ती तूट गुडघा, नडगी आणि पावलाची कमान भरून काढतात. पावलाची कमान बसते, अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढतं, गुडघ्याची आतली बाजू दुखते. पंचेचाळीस अंश असतील तर नव्वदची पहिली पोझिशन (टाचा जुळवलेली) हीच तिची खरी पोझिशन. व्यावसायिक शाळा प्रवेशाच्या वेळी हे मोजतात, त्यामुळे लपत नाही. आधीच कळलेलं बरं.

दुखण्याच्या जागा तोंडपाठ ठेवा. पॉइंटवर गेल्यावर घोट्याच्या मागे टोचतं: तिथे एक जादा छोटं हाड असू शकतं, किंवा अंगठ्याची मागून येणारी कंडरा सुजलेली. दुसऱ्या बोटाच्या हाडाच्या मुळाशी, पावलाच्या वरच्या बाजूला बोट दाबलं की नेमकी एकच जागा दुखते: स्ट्रेस फ्रॅक्चर (हाडाला बारीक तडा) समजून थांबायचं. सुरुवातीला साध्या एक्स-रेत ते दिसत नाही, एमआरआय लागतो. ‘एक्स-रे नॉर्मल आहे, करत राहा’ या सल्ल्यावर पुढे नाचलेली मुलगी तीन महिने घरी बसते. आराबेस्क करताना कमरेच्या एकाच बाजूला दुखतं: खालच्या मणक्याच्या कमानीला तडा असू शकतो, वाढीच्या वयात हा हमखास तपासायचा.

दर महिन्याला उंची मोजा. महिन्याला अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त वाढ दिसली की तो काळ जोखमीचा. हाडं लांबतात, स्नायू मागे राहतात, तोल जातो, पिरुएत बिघडते. अशा वेळी उड्या कमी करायच्या, तंत्र हळू करायचं. मूल ‘मागे पडलं’ असं म्हणून जास्त घासायचं नाही.

आणि फरशी. व्हिट्रिफाइड टाइल, कोटा, ग्रॅनाइट, सोसायटीचं पार्किंग, गच्ची: यावर उड्या नाहीत. खाली लवचिक लाकडी चौकट आणि वर व्हायनिलची मार्ली (नाचासाठीचं अंथरण) लागते. काँक्रीटवर थेट मार्ली अंथरली तर घसरणं थांबतं, धक्का तसाच बसतो. नडगी दुखण्याचं आपल्याकडचं मुख्य कारण हेच. व्यावसायिक फरशी परवडत नसेल तर फळ्या, त्याखाली दाट फोमचे तुकडे आणि वर मार्ली असा दहा बाय दहाचा तुकडा सुताराकडून करून घेता येतो.

आहारावर जरा जोर देऊन सांगते. बाहेर पाठवायच्या आधी रक्त तपासा: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व, बी-१२. शाकाहारी घरातल्या मुलींत शेवटची तीन बहुतेक वेळा कमी निघतात. या वयात दिवसाला १३०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, किंवा येऊन तीन महिने बंद असेल, तर ‘नाचणाऱ्या मुलींचं असंच असतं’ असं कोणीही म्हणालं तरी ऐकू नका. शरीर जेवढी ताकद खर्च करतं त्या मानाने खाणं कमी पडतंय याचं ते बहुतेकदा चिन्ह असतं, आणि हाडांची घनता याच वर्षांत भरली जाते. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघांकडे जा.

व्हिसा_आणि_चलन

खर्च आणि कागदपत्रं. देशानुसार गणित अगदी वेगळं आहे.

इंग्लंड: सतरापर्यंतच्या मुलांसाठी चाइल्ड स्टुडंट व्हिसा. शाळा फी घेणारी, खासगी आणि परवानाधारक हवी. अठराच्या खालच्या मुलासाठी तिथे राहणारा पालकप्रतिनिधी शाळा मागते. तो एजिस या संस्थेची मान्यता असलेला बघा. आईने सोबत राहायचं म्हणाल तर तो व्हिसा मूल चार ते अकरा वर्षांचं असेल तरच मिळतो, चौदाच्या मुलीसाठी नाही. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, पूर्ण मुदतीचा आगाऊ भरायचा. सहा महिन्यांहून जास्त राहायचं म्हणून क्षयाची तपासणीही लागते, तीही त्यांनी नेमलेल्या केंद्रातच. तिथल्या सरकारची संगीत-नृत्य मदत योजना तिथे राहणाऱ्या कुटुंबांसाठी आहे, तिच्या भरवशावर हिशेब करू नका.

जर्मनी: श्टुटगार्ट, ड्रेस्डेनची पालुका, हॅम्बुर्ग, बर्लिन, म्युनिक या शाळा सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या आहेत, त्यामुळे शिकवणी फी इंग्लंड-अमेरिकेच्या तुलनेत फारच कमी. खर्च राहण्या-खाण्याचा. विद्यार्थी व्हिसासाठी बंद खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ काढता येतात. घर गहाण न टाकता जमण्यासारखं जे आहे ते बहुतेक इथेच आहे. अर्थात जागाही तितक्याच थोड्या. जर्मन भाषा आत्तापासून लावा. वर्गातले शब्द फ्रेंचच असतात, पण वसतिगृह, दवाखाना आणि शाळा जर्मनमध्ये चालतात.

अमेरिका: फी सगळ्यात जास्त, आणि व्हिसाचा प्रकार आधी विचारा. काही बॅले शाळा एफ-१ (नेहमीचा विद्यार्थी व्हिसा) देतात, काही फक्त एम-१. एम-१ व्यावसायिक शिक्षणाचा, सुरुवातीला जास्तीत जास्त एक वर्षाचा, आणि तिथे असताना त्यावरून एफ-१वर जाता येत नाही. शिक्षणानंतर कामाचा अनुभव घ्यायची मुभाही जेमतेम सहा महिन्यांपर्यंत. बॅले कंपनीत उमेदवारी मिळायच्या ऐन वेळी मूल परत येतं ते यामुळे.

रशिया: शिक्षण उत्तम, पण २०२२ नंतर भारतातून फी पाठवणं अवघड झालं आहे. बँकेला लेखी विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

आपल्या बाजूने: रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, अज्ञान मुलाच्या नावानेही, पॅन लागतो आणि ए-२ अर्जावर पालकाची सही. वर्षाला दहा लाखांच्या वर रक्कम गेली की बँक टीसीएस (आगाऊ कर) कापते. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण रोख रक्कम वर्षभर अडकते, हे धरून चाला. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर टीसीएस नाही. इथे एक खाच आहे: कलम ८०ई खालची व्याजाची सवलत फक्त बारावीनंतरच्या शिक्षणाला, आणि तीही जुन्या कररचनेत. चौदा-सोळाच्या मुलीच्या बॅले शाळेसाठी घेतलेल्या कर्जाला ती लागू नाही.

पॉइंट शूज हा खर्च लोक विसरतात. पूर्णवेळ शाळेत महिन्याला तीन जोड्या सहज जातात. दहा महिन्यांच्या तीस, जोडी ८० युरो धरली तर २,४०० युरो. शंभर रुपयांचा युरो धरून जवळपास अडीच लाख, नुसत्या बुटांवर. शाळा त्यातल्या किती देते हे विचारा, काही शाळा देतात.

दहावी_बारावी

अभ्यासाची वाट तोडू नका. बॅलेतल्या मुलीला सतराव्या वर्षी घोटा गेला तर कॉलेजचं दार उघडं हवं.

दहावी राज्य मंडळाचीच, पण नेहमीच्या शाळेच्या वेळा जमत नसतील तर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. त्याच्या तारखा शाळा सुरू झाल्यावर लवकरच येतात, बोर्डाच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. दुसरा रस्ता एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. दहावीला वयाची अट १४ पूर्ण, बारावीला १५. पाच विषय, पाच वर्षांत नऊ संधी, परीक्षा वर्षातून दोनदा: एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. लोझान किंवा हिवाळी ऑडिशनवर पाणी सोडावं लागत नाही, हा मोठा फायदा. तोटा असा की परदेशातली केंद्रं मुख्यतः आखाती देश आणि नेपाळमध्ये आहेत. युरोपातल्या मुलीला परीक्षेसाठी इथे यावं लागतं. तिसरा रस्ता केंब्रिजचा आयजीसीएसई, खासगी उमेदवार म्हणून.

तिथली शाळा जे देणार आहे ते पदवी, डिप्लोमा की नुसतं प्रमाणपत्र, हे लेखी घ्या. डिप्लोम्यासोबत तिथली शालान्त परीक्षा नसेल तर इथे बारावी समकक्ष धरत नाहीत. शंका असेल तर भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययूकडे आधी विचारणा करा.

कोथरूडची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून फाइल केली आहे. आता एक नेमकी गोष्ट. गेल्या महिन्यात मुलीच्या ऑनलाइन वर्गानंतर युरोपातल्या एका खासगी शाळेने तिला ‘ट्रेनी’ म्हणून सप्टेंबरपासून बोलावलं आहे. वर्षाला १४,००० युरो. वसतिगृह नाही, ‘घर शोधायला मदत करू’ म्हणतात. व्हिडिओ मागितला नाही, फोटोही नाही. आठ दिवसांत दोन हजार युरो भरून जागा पक्की करा असं पत्र आहे. मुलगी रडकुंडीला आली आहे की संधी जाईल. काय करू?

बार_ते_सेंटर

थांबा. पैसे भरू नका.

फोटो न बघता, पाय न बघता, उंची-वजन-दुखापतीची माहिती न घेता कोणतीही निवड करणारी शाळा चौदाच्या मुलीला वर्षभरासाठी बोलावत नाही. आठ दिवसांची मुदत हीच धोक्याची खूण. चांगल्या शाळाही मुदत देतात, पण ऑडिशननंतर आणि आठवड्यांची.

‘ट्रेनी’ या शब्दावरही थांबा. अठरा-एकोणिसाच्या, शिक्षण पूर्ण झालेल्या मुलीसाठी तो कंपनीच्या उंबरठ्यावरचा टप्पा असतो. चौदाच्या मुलीसाठी त्याला काही अर्थ नाही. बऱ्याच ठिकाणी ट्रेनी पैसे भरतात, कंपनीच्या प्रयोगांत मागच्या रांगेत फुकट उभ्या राहतात, आणि वर्षाअखेर नव्या ट्रेनी येतात.

त्यांना एक ईमेल पाठवा, असं विचारून: गेल्या तीन वर्षांत शेवटच्या वर्गातून किती मुली बाहेर पडल्या आणि त्यांतल्या कितींना पगारी करार मिळाला, कोणत्या कंपनीत? कायमचे शिक्षक कोण, पाहुणे कोण? आठवड्याला तास किती, त्यातले पॉइंटचे किती? दरवर्षी मूल्यमापन होऊन मुलांना काढतात का, आणि काढलं तर फीचं काय? फिजिओ शाळेत आठवड्यातून किती दिवस असतो? अल्पवयीन मुलींची रात्रीची जबाबदारी कोणाच्या नावावर? वजनाबद्दल मुलांशी कोण बोलतं आणि कसं? खऱ्या शाळेला ही उत्तरं द्यायला वेळ लागत नाही.

शेवटचा प्रश्न उगाच नाही. २०१९ साली व्हिएन्ना स्टेट ऑपेराच्या बॅले अकादमीत मुलांना दिल्या जाणाऱ्या वागणुकीबद्दल आरोप झाले, आणि विशेष चौकशी समितीने मुलांच्या आरोग्याची नीट काळजी घेतली जात नसल्याचं नोंदवलं. नामांकित ठिकाणी हे झालं. वसतिगृह नसलेल्या, कोणी नाव न ऐकलेल्या ठिकाणी चौदाच्या मुलीला एकटं ठेवणं मला अजिबात पटत नाही.

मुलीला असं सांगा की संधी गेली नाही, अजून आलेलीच नाही. तिच्यासमोर कॅलेंडर ठेवा: यंदा निवड असलेलं उन्हाळी शिबिर, परत आल्यावर गणपतीनंतर व्हिडिओ, दिवाळीपर्यंत चार-पाच अर्ज. तारखा दिसल्या की तिची घालमेल कमी होईल.

घोट्याचा_फिजिओ

बरोबर. आणि शिबिराला जायच्या सहा आठवडे आधी माझ्या वरच्या चाचण्या करून घ्या. आठवड्याला साडेसात तासांवरून शिबिराच्या तीस तासांवर एकदम उडी घेतली की दुसऱ्या आठवड्यात नडगी किंवा घोटा बोलायला लागतो. जाताना विम्याची कलमं वाचा: काही प्रवास विमे ‘व्यावसायिक खेळ आणि प्रशिक्षण’ यातल्या दुखापती वगळतात. लेखी होकार घ्या.

श्टुटगार्टकर

शूजबद्दल थोडं, कारण ते जूनमध्येच घेणार असाल. पुठ्ठा, कापड आणि खळीने पॉइंट शूची टोकाची पेटी बनते. घाम आणि पावसाळी हवा, दोन्हींनी ती खळ मऊ होते. पुण्या-मुंबईत जुलैमध्ये नवी जोडी तीन वर्गांत ढिली पडते आणि दोष बुटाला जातो. वर्गानंतर बोटांची गादी बाहेर काढा, बूट पंख्याखाली जाळीच्या पिशवीत लटकवा, प्लास्टिकच्या पिशवीत नकोत, उन्हात नकोत. दोन जोड्या आळीपाळीने वापरा, एका जोडीला निदान एक पूर्ण दिवस सुकायला मिळाला पाहिजे. कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या.

आणि बूट ऑनलाइन मागवू नका. वाढीच्या वयात पाऊल सहा महिन्यांत बदलतं, बोटांची लांबी आणि रुंदी वेगळी पडते. शिबिराच्या शहरात पोचल्यावर पहिल्याच दिवशी दुकानात जाऊन बसवून घ्या, पण जुनी सवयीची जोडी सोबत ठेवा, कारण नवी पायाला रुळायला चार-पाच वर्ग लागतात. बसवणाऱ्याला दाखवायला जुनी, झिजलेली जोडीही न्या. कुठे झिजली आहे ते बघून त्यांना वजन कुठे पडतंय ते कळतं: अंगठ्याच्या बाजूची सॅटिन फाटली असेल तर ती आत कलते.

कोथरूडची_आई

त्या शाळेला प्रश्नांचं पत्र आज पाठवलं. फिजिओची वेळ शनिवारची मिळाली आहे. उन्हाळी शिबिरांपैकी निवड असलेल्या तीन जागांची यादी बाईंबरोबर बसून करते आणि इथे टाकते, कृपया नजर टाका.

बार_ते_सेंटर

जरूर टाका. प्रत्येक नावापुढे अर्जाची शेवटची तारीख आणि व्हिडिओची मागणी लिहा. आणि शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक) व्हिसाची अपॉइंटमेंट उन्हाळ्याच्या तोंडावर मिळत नाही, निवडीचं पत्र आलं की त्याच दिवशी बुक करा. अल्पवयीन मुलगी एकटी जाणार असेल तर दोन्ही पालकांच्या सहीचं नोटरी केलेलं संमतिपत्र इंग्रजीत, तीन प्रती.